पाहोल: सी स्ट्रक्टमधले वाया जाणारे बाइट दाखवणाऱ्या टूलचं परीक्षण

सी भाषेत एकमेकांशी संबंधित व्हेरिएबल्स स्ट्रक्टमध्ये एकत्र बांधली की कोड वाचायला सोपा होतो. मेमरीत ती कशी बसली आहेत, हे मात्र कोड वाचून समजत नाही. सात मेंबरांच्या, म्हणजे स्ट्रक्टमधल्या व्हेरिएबल्सच्या, आकारांची बेरीज 25 बाइट भरते आणि आकार सांगणारा साइझऑफ 48 सांगतो. मधले 23 बाइट कुठे गेले, हे हेडर फाइलमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. पाहोल हे कमांड लाइन टूल नेमकं तेवढंच सांगतं, आणि फार चांगलं सांगतं.

निकाल आधीच देऊन टाकायचा तर: स्ट्रक्टची मांडणी दाखवण्यात पाहोलला तोड नाही. मांडणी बदलून देण्याची जी सोय त्यात आहे ती उपयोगी आहे, पण तिचं आउटपुट जसंच्या तसं कोडमध्ये चिकटवू नये. कोणते मेंबर एकत्र राहायला हवेत ते प्रोग्राम लिहिणाऱ्याला ठाऊक असतं, टूलला नाही.

पाहोल हे ड्वार्व्ह्ज नावाच्या संचातलं टूल आहे. अर्नाल्डो कार्वाल्हो दे मेलो यांनी ते लिहिलं आणि 2007 च्या ओटावा लिनक्स सिम्पोझियममध्ये हा संच मांडला. फुकट आहे, सोर्स खुला आहे, परवाना जीपीएल आवृत्ती 2 चा. लिनक्स कर्नलच्या बिल्डमध्येही ते लागतं, कारण कर्नलची बीटीएफ नावाची टाइपांची माहिती तयार करायला त्याचाच वापर होतो. त्यामुळे या टूलची देखभाल नियमित होते. एखादं हौशी टूल दोन वर्षांत बेवारस पडतं तसं याचं झालेलं नाही.

बसवायला काही कष्ट नाहीत. फेडोरात पॅकेजचं नाव ड्वार्व्ह्ज आहे, आर्चमध्ये पाहोल, डेबियन आणि उबंटूत आवृत्तीनुसार या दोहोंपैकी एक. एका नावाने सापडलं नाही तर दुसऱ्याने शोधा.

चालवण्याआधी एकच अट: ज्या फाइलवर ते चालवायचं तिच्यात डीबग माहिती, म्हणजे डीबगरसाठी लिहिलेली टाइपांची आणि नावांची नोंद, हवी. म्हणजे जीसीसी किंवा क्लँग या कंपाइलरला डॅश जी देऊन कंपाइल करायचं. ऑप्टिमायझेशनची पातळी काहीही असू द्या, स्ट्रक्टच्या मांडणीवर तिचा परिणाम होत नाही. बाकीचे फ्लॅग मात्र खऱ्या बिल्डमध्ये असतात तेच ठेवा. 32 बिटसाठीचा फ्लॅग, इनम लहान करणारा फ्लॅग, सगळी स्ट्रक्टं दाबून बसवणारा फ्लॅग, यांतल्या एकानेही ऑफसेट (स्ट्रक्टच्या सुरुवातीपासूनची मेंबरांची अंतरं) बदलतात, आणि मग पाहोल दाखवतं ती मांडणी तुमच्या प्रोग्रामची राहत नाही. प्रोग्राम पूर्ण लिंक करायची गरज नाही, एक ऑब्जेक्ट फाइल पुरते. लिंकच्या वेळी ऑप्टिमायझेशन करणारा बिल्ड असेल तर शेवटच्या एक्झिक्युटेबलवर चालवणं बरं. स्ट्रिप केलेल्या, म्हणजे डीबग माहिती काढून टाकलेल्या, फाइलमधून हाती काही लागणार नाही.

आता एक स्ट्रक्ट जवळून पाहू. मोजमापांची नोंद ठेवणारं, अगदी कुणालाही सुचेल त्या क्रमाने लिहिलेलं: प्रकार (कॅर), मूल्य (डबल), दर्जा (कॅर), क्रमांक (इंट), केंद्र (शॉर्ट), नाव (पॉइंटर) आणि चालू (कॅर). 64 बिट लिनक्सवर कंपाइल करून पाहोलला डॅश मोठा सी, पुढे स्ट्रक्टचं नाव आणि शेवटी ऑब्जेक्ट फाइल दिली, की स्ट्रक्टची व्याख्या परत छापून येते. प्रत्येक मेंबरसमोर कॉमेंटमध्ये दोन आकडे असतात: सुरुवातीपासूनचा ऑफसेट आणि आकार. जिथे भोक, म्हणजे दोन मेंबरांमधली रिकामी जागा, आहे तिथे तीन एक्सने सुरू होणारी वेगळी ओळ येते. शेवटच्या मेंबरनंतरची रिकामी जागा म्हणजे पॅडिंग. आपल्या स्ट्रक्टचा हिशोब असा:

प्रकार: ऑफसेट 0, आकार 1
इथे 7 बाइटचं भोक
मूल्य: ऑफसेट 8, आकार 8
दर्जा: ऑफसेट 16, आकार 1
इथे 3 बाइटचं भोक
क्रमांक: ऑफसेट 20, आकार 4
केंद्र: ऑफसेट 24, आकार 2
इथे 6 बाइटचं भोक
नाव: ऑफसेट 32, आकार 8
चालू: ऑफसेट 40, आकार 1
शेवटी 7 बाइटचं पॅडिंग

खाली सारांश येतो: एकूण आकार 48, कॅश लाइन (प्रोसेसर मेमरीतून एका वेळी आणतो तो तुकडा) 1, मेंबर 7, मेंबरांची बेरीज 25, भोकं 3, भोकांची बेरीज 16, पॅडिंग 7. जवळपास निम्मी जागा रिकामी.

भोक पडतं ते अलाइनमेंटमुळे. डबल आणि पॉइंटर 8 च्या पटीतल्या ऑफसेटवर बसतात, इंट 4 च्या, शॉर्ट 2 च्या, कॅर कुठेही. सीचं मानक सांगतं की मेंबर लिहिलेल्या क्रमानेच चढत्या पत्त्यांवर ठेवायचे, म्हणून कंपाइलर त्यांची अदलाबदल करून भोक बुजवत नाही. पहिल्या मेंबरआधी रिकामी जागा कधीच नसते. मध्ये आणि शेवटी असू शकते. शेवटचं पॅडिंग अॅरेसाठी असतं. स्ट्रक्टचा आकार त्याच्या सर्वांत कडक अलाइनमेंटच्या पटीत नसेल, तर अॅरेतल्या दुसऱ्या घटकातला डबल चुकीच्या पत्त्यावर जाईल.

पाहोल शेवटचं पॅडिंग आणि मधली भोकं वेगवेगळी मोजतं, हे त्याचं खरं बलस्थान. दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत. भोक क्रम बदलून बुजतं. पॅडिंग क्रम बदलून कमी होईलच असं नाही. त्यासाठी एखादा मेंबर लहान करावा लागतो किंवा काढावा लागतो.

वरच्या स्ट्रक्टचे मेंबर मोठ्याकडून लहानाकडे लावले, म्हणजे मूल्य, नाव, क्रमांक, केंद्र आणि मग तिन्ही कॅर, तर भोकं शून्यावर येतात. मेंबर 25 बाइटवर संपतात, 7 बाइट पॅडिंग, एकूण 32. क्रम कितीही बदलला तरी हे स्ट्रक्ट 32 च्या खाली जाणार नाही, कारण 25 नंतरची 8 ची पहिली पट 32 आहे. अशा 10 लाख नोंदी मेमरीत असतील तर 4 कोटी 80 लाख बाइटऐवजी 3 कोटी 20 लाख लागतील. एकही ओळ न वाढवता.

फायदा फक्त जागेचा नाही. कॅश लाइन 64 बाइटची असेल आणि अॅरे तिच्या सीमेवर सुरू होत असेल, तर 48 बाइटच्या दर चार घटकांपैकी दोन घटक दोन कॅश लाइनींवर पसरतात: 48 वर सुरू होणारा आणि 96 वर सुरू होणारा. 32 बाइटचा घटक कधीच पसरत नाही, फक्त अॅरेची सुरुवात 32 च्या पटीतल्या पत्त्यावर हवी. मेमरी मागून घेणारं मॅलॉक हे फंक्शन तेवढी हमी देत नाही. 64 बिट लिनक्सच्या जीलिबसी या सी लायब्ररीमध्ये ती 16 ची असते. तेव्हा गरज असेल तर अलाइन्ड ॲलॉक वापरा.

आणखी खाली जायचं असेल तर दर्जा आणि चालू यांना किती बिट लागतात ते पाहा. दर्जा 0 ते 3 एवढाच असेल तर 2 बिट, चालू 1 बिट. दोन्हींना बिटफील्ड, म्हणजे मोजक्याच बिटांचे मेंबर, केलं तर ते एका बाइटमध्ये मावतात. मग मेंबर बरोबर 24 बाइटवर संपतात आणि पॅडिंगही उरत नाही. पण इथे किंमत आहे. बिटफील्डचा पत्ता घेता येत नाही. त्यात लिहिताना प्रोसेसर आधी पूर्ण बाइट वाचतो, बदलतो आणि परत ठेवतो. शिवाय सी 11 च्या मानकानुसार शेजारशेजारची बिटफील्ड्स एकच मेमरी लोकेशन मानली जातात, म्हणजे एक थ्रेड दर्जा बदलतोय आणि दुसरा चालू बदलतोय असं झालं तर लॉक लागतं. लॉक नसेल तर एकाचा बदल पुसला जाईल, तोही क्वचित आणि चाचणीत न सापडेल असा. 10 लाख नोंदी फक्त वाचायच्या असतील तर बिटफील्ड जरूर करा, अनेक थ्रेड लिहिणार असतील तर 32 वर थांबा.

स्ट्रक्टच्या आत स्ट्रक्ट असेल तेव्हा पाहोलचं आउटपुट नीट वाचायला हवं. आतल्या स्ट्रक्टमध्ये एक इंट आणि एक कॅर असेल तर त्याचा आकार 8, त्यातले शेवटचे 3 बाइट पॅडिंग. बाहेरच्या स्ट्रक्टमध्ये त्यानंतर एक कॅर लिहिला तर तो त्या 3 बाइटमध्ये बसत नाही, ऑफसेट 8 वर जातो आणि एकूण आकार 12 होतो. तीच तीन व्हेरिएबल्स सपाट लिहिली असती तर 8 पुरले असते. पाहोल अशा जागी आतल्या स्ट्रक्टमध्ये पॅडिंग असल्याची वेगळी सूचना देतं. डॅश मोठा ई दिला तर आतली स्ट्रक्टंही उलगडून दाखवतं. केवळ 4 बाइटांसाठी अर्थाने एकत्र असलेला गट मोडू नये, असं माझं मत आहे. बिंदू, तारीख, पत्ता असे गट फंक्शनला एकत्र देता येतात, एकत्र कॉपी करता येतात, त्यांची तपासणी एका जागी राहते. तो फायदा 4 बाइटांपेक्षा मोठा आहे. अशा नोंदी कोट्यवधी असतील तरच हिशोब बदलतो.

आता दुरुस्तीच्या सोयीबद्दल. डबल डॅश रीऑर्गनाइझ दिलं की पाहोल स्वतःच क्रम बदलून नवं स्ट्रक्ट छापतं आणि शेवटी किती बाइट वाचले ते लिहितं. त्याला डॅश मोठा एस जोडला तर कोणता मेंबर कुठून उचलून कुठे ठेवला, हे एकेक पायरीने दिसतं. पायऱ्या बघण्याची ही सोय शिकणाऱ्यासाठी फार मोलाची आहे. अलाइनमेंटचे नियम पाठ करण्यापेक्षा दहा स्ट्रक्टांवर या पायऱ्या पाहिल्या की डोळ्यांना सवय होते.

पण टूलची पद्धत सरळ आहे: भोक दिसलं की त्यात मावेल असा मेंबर दुसरीकडून आणून ठेवायचा. यात ते बिटफील्डचा मूळ टाइपही लहान करू शकतं. त्याला अर्थ कळत नाही. एखाद्या रांगेचं टोक, शेपूट आणि संख्या हे तीन मेंबर शेजारी लिहिलेले असतात, कारण ते एकाच फंक्शनमध्ये एकत्र वाचले जातात. त्यातली संख्या 4 बाइटची म्हणून ती वरच्या भोकात गेली, तर स्ट्रक्ट 8 बाइटने लहान होईल आणि तरीही ते फंक्शन दोन कॅश लाइनींना हात लावायला लागेल. आकार कमी झाला, वेगही कमी झाला.

उलट धोकाही आहे. दोन थ्रेड आपापला काउंटर वाढवत असतात आणि लिहिणाऱ्याने ते मुद्दाम दूर ठेवलेले असतात. ते एका कॅश लाइनवर आले की दोन्ही कोअर तीच लाइन एकमेकांकडून ओढत बसतात. अशा मेंबरांवर अलाइनमेंट ठरवून देणारं अलाइनॅज 64 लिहून हेतू कोडमध्येच स्पष्ट करा. नव्या आवृत्त्यांमध्ये पाहोल असं जबरदस्तीचं अलाइनमेंट ओळखतं आणि त्यामुळे पडलेली भोकं सारांशात वेगळी मोजतं, म्हणजे मुद्दाम सोडलेली जागा आणि निष्काळजीने सुटलेली जागा वेगवेगळी दिसते.

लिनक्सच्या 6.8 या 2024 च्या आवृत्तीत नेटवर्किंगच्या मुख्य स्ट्रक्टांची फेरमांडणी झाली. कोणते मेंबर पॅकेट पाठवताना लागतात, कोणते घेताना, कोणते क्वचित, असा विचार करून ते कॅश लाइनींनुसार गटांत बसवले. एकाच वेळी भरपूर टीसीपी कनेक्शन्स असतील तर वेग 40 टक्क्यांपर्यंत वाढल्याचं त्या बदलासोबत नोंदवलं आहे. भोकं मोजून हे साधत नाही. त्यासाठी कोण कोणासोबत वाचलं जातं ते माहीत असावं लागतं, आणि मग आपण ठरवलेला गट खरोखर एका लाइनवर आला का, हे पाहोलच्या 64 बाइटच्या सीमारेषांवरून तपासायचं. प्रत्येक 64 बाइटनंतर आउटपुटमध्ये एक ठळक आडवी ओळ येते. मोठं स्ट्रक्ट वाचताना भोकांआधी त्या ओळींकडे बघावं. तुमच्या प्रोसेसरची कॅश लाइन वेगळ्या आकाराची असेल तर डॅश लहान सी देऊन तो आकार सांगता येतो.

इथेच एका गैरसमजाबद्दल बोलायला हवं, कारण तो टूलच्याच शब्दांमुळे होतो. भोकाच्या ओळीत पाहोल शेवटी पॅक करून पाहा अशा अर्थाचे शब्द छापतं. नवखा माणूस ते वाचून स्ट्रक्टवर पॅक्ड ॲट्रिब्यूट लावतो. भोकं जातात, आकार 25 होतो, पाहोल खूश. पण आता मूल्य ऑफसेट 1 वर आहे. एक्स 86 वर हे चालून जातं. काही आर्म आणि इतर प्रोसेसरांवर कंपाइलर बाइट बाइट वाचून जोडणारा लांबलचक कोड तयार करतो. आणि कुणी त्या मेंबरचा पत्ता घेऊन तो साध्या डबल पॉइंटरमध्ये ठेवला, तर पॅक्ड असल्याची माहिती तिथे हरवते आणि त्या पॉइंटरमधून वाचणं हे अनडिफाइन्ड बिहेविअर ठरतं, म्हणजे मानक त्याच्या परिणामाची कसलीच हमी देत नाही. जीसीसी 9 पासून याची वॉर्निंग येते, ती दाबून टाकू नका. पाहोलला सुचवायचं असतं ते फक्त क्रम बदलणं. पॅक्ड ॲट्रिब्यूट नेटवर्कवरच्या किंवा हार्डवेअरच्या ठरलेल्या फॉरमॅटसाठी ठेवा, जागा वाचवण्यासाठी नको.

क्रम बदलण्याआधी काय काय मोडू शकतं, हेही टूल सांगत नाही. स्ट्रक्टला नुसत्या किमतींच्या यादीने सुरुवातीची मूल्यं दिली असतील तर ती आता भलत्याच मेंबरात जातील, आणि टाइप जुळत असतील तर कंपाइलर चकार शब्द काढणार नाही. टिंब आणि मेंबरचं नाव लिहून दिलेली मूल्यं सुरक्षित राहतात. सी 99 पासून ही सोय आहे, तेव्हा क्रमाला हात लावण्याआधी सगळे इनिशियलायझर त्या पद्धतीत आणा. एफराइट करून आख्खं स्ट्रक्ट फाइलमध्ये लिहिलं असेल तर नवा प्रोग्राम जुन्या फाइली चुकीच्या वाचेल. लायब्ररीच्या सार्वजनिक हेडरमधलं स्ट्रक्ट असेल तर जुने कंपाइल केलेले प्रोग्राम मोडतील. एखाद्या स्ट्रक्टचा पहिला मेंबर दुसरं स्ट्रक्ट आहे आणि पॉइंटर कास्ट करून कोड त्यावर विसंबून आहे, अशा ठिकाणी पहिला मेंबर हलवायचा नाही. मेमकंपने दोन स्ट्रक्टं बाइट बाइट ताडून पाहणारा कोड दिसला तर तो भोकं असताना आधीपासूनच चुकीचा आहे, कारण भोकांतल्या बाइटांची किंमत निश्चित नसते. याच कारणाने असं स्ट्रक्ट नेटवर्कवर पाठवताना जुन्या मेमरीतली माहिती भोकांतून बाहेर गळू शकते. म्हणून अशी भोकं शोधायला पाहोलचा उपयोग सुरक्षेच्या तपासणीतही होतो.

मोठ्या प्रकल्पात एकेका स्ट्रक्टचं नाव देत बसू नका. डॅश लहान एस दिला तर प्रत्येक स्ट्रक्टची एक ओळ येते: नाव, आकार, भोकांची संख्या. ती यादी सॉर्टला द्या. डॅश मोठा पी त्याहून कामाचा आहे. क्रम बदलून लहान होऊ शकतील तेवढीच स्ट्रक्टं तो दाखवतो, आताचा आकार, नवा आकार आणि बचत यांसह. त्या यादीतली बहुतेक नावं सोडून द्यायची असतात. संपूर्ण प्रोग्राममध्ये एकदाच तयार होणाऱ्या सेटिंगांच्या स्ट्रक्टमध्ये 40 बाइट वाचवून काही मिळत नाही. ज्याच्या लाखो प्रती होतात तेवढंच उचलायचं. एखादं स्ट्रक्ट आणखी कोणकोणत्या स्ट्रक्टांच्या आत आहे हे डॅश लहान आय सांगतो. आतलं 8 बाइटने कमी झालं की बाहेरची सगळी बदलतात, म्हणून हे आधी पाहावं.

पर्यायांमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचे अर्थ पूर्णपणे वेगळे आहेत. मोठा सी नावासाठी, लहान सी कॅश लाइनसाठी. लहान एस आकारांची यादी, मोठा एस फेरमांडणीच्या पायऱ्या. सुरुवातीला गोंधळ होतो. स्क्रिप्टमध्ये लिहिताना लांब नावंच वापरा.

बीटीएफ असलेल्या लिनक्सवर एक सुंदर सोय आहे. फाइल न देता पाहोलला नुसतं टास्क अंडरस्कोर स्ट्रक्ट एवढं नाव दिलं, की चालू कर्नलमधली त्या स्ट्रक्टची मांडणी समोर येते. काही हजार बाइटांचं ते स्ट्रक्ट आहे. भोकं, सीमारेषा, मुद्दाम अलाइन केलेले भाग, सगळं एका ठिकाणी पाहायला मिळतं. अभ्यासाला याहून चांगला नमुना शोधावा लागणार नाही.

आता उणिवा. बीटीएफची माहिती सोडली तर पाहोल मुख्यतः ईएलएफ या फॉरमॅटच्या फाइली वाचतं. लिनक्सवर आणि त्याच फॉरमॅटच्या एम्बेडेड कामात ते चालतं; आर्मसाठी क्रॉस कंपाइल केलेली फाइल साध्या पीसीवर तपासता येते आणि ऑफसेट आर्मचेच दिसतात. विंडोज आणि मॅकच्या मूळ फाइलींसाठी ते निरुपयोगी आहे.

दुसरी अडचण बहुतेकांना पहिल्याच दिवशी येते. हेडरमध्ये स्ट्रक्ट आहे, डॅश जीही दिलेला आहे, तरी पाहोलला ते सापडत नाही. कारण ज्या फाइलमध्ये तो टाइप कुठे वापरलेलाच नाही तिथे जीसीसी त्याची डीबग माहिती लिहीत नाही. ज्या सोर्स फाइलमध्ये त्या स्ट्रक्टचा खरोखर वापर आहे तिची ऑब्जेक्ट फाइल द्या, किंवा चाचणीसाठी त्या टाइपचं एक ग्लोबल व्हेरिएबल लिहा. न वापरलेले टाइप गाळू नको असं सांगणारा फ्लॅगही जीसीसीत आहे, पण त्याने फाइल फुगते.

तिसरी अडचण आवृत्तीची. जीसीसी 11 पासून डीबग माहिती डिफॉल्टने ड्वार्फ या फॉरमॅटच्या पाचव्या आवृत्तीत लिहिली जाते. जुन्या सर्व्हरवरचं जुनं पाहोल त्यावर अडखळतं. शक्य असेल तर पाहोल नवं घ्या. नसेल तर कंपाइलरला ड्वार्फ 4 लिहायला सांगा. सी प्लस प्लसचा कोडही ते वाचतं, पण टेंप्लेट आणि इनहेरिटन्स आले की आउटपुट वाचणं अवघड होतं. सीसाठीच घ्यावं हे उत्तम.

पर्याय आहेत आणि काही ठिकाणी ते बरे पडतात. जीडीबी या डीबगरमध्ये 8.1 आवृत्तीपासून पीटाइप या कमांडला स्लॅश ओ जोडता येतो. पाहोलसारखीच ऑफसेट, आकार आणि भोकं त्यात दिसतात. डीबगिंग चालू असताना एकच स्ट्रक्ट बघायचं असेल तर तेच वापरा, वेगळं काही बसवायची गरज नाही. पण त्यात कॅश लाइनच्या सीमा नाहीत, सगळ्या स्ट्रक्टांची यादी नाही, फेरमांडणी नाही. क्लँगमध्ये रेकॉर्डांची मांडणी छापणारा अंतर्गत फ्लॅग आहे. डीबग माहिती लागत नाही आणि मॅकवरही चालतो, म्हणून तिथे तोच. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या कंपाइलरला एका क्लासची मांडणी छापण्याचा फ्लॅग आहे. जीसीसीची पॅडेड वॉर्निंग मात्र रोजच्या बिल्डमध्ये लावू नका. जिथे जिथे पॅडिंग पडेल तिथे ती ओरडते, आणि बहुतेक पॅडिंग निरुपद्रवी असतं; चार दिवसांत सगळे जण वॉर्निंग वाचणंच सोडतात.

त्याच संचातलं कोडिफ हे टूल सोबत घ्याच. जुनी आणि नवी ऑब्जेक्ट फाइल त्याला दिली की कोणत्या स्ट्रक्टचा आकार बदलला ते सांगतं. लायब्ररीची नवी आवृत्ती काढण्याआधी एवढी एक तपासणी केली तरी पुष्कळ त्रास वाचतो.

पाहोलमध्ये जे नाही आणि तुम्हालाच करावं लागेल ते म्हणजे ठरवलेली मांडणी टिकवणं. आज 32 वर आणलेल्या स्ट्रक्टमध्ये सहा महिन्यांनी कुणीतरी मधोमध एक कॅर घालतो आणि आकार गुपचूप 40 होतो. सी 11 च्या स्टॅटिक असर्टने हे कंपाइल होतानाच अडवता येतं. व्याख्येखाली लगेच दोन ओळी लिहा: साइझऑफ 32 इतकाच आहे, आणि ऑफसेटऑफने काढलेली क्रमांकाची जागा 16 हीच आहे. असर्टच्या संदेशात आकडा लिहू नका, त्यामागचं कारण लिहा; नोंदींचा अॅरे कॅश लाइनला जुळवलेला आहे, नवा मेंबर शेवटच्या रिकाम्या 7 बाइटांत बसवा, असं काहीतरी. लिनक्सच्या त्या नेटवर्किंग बदलातही फेरमांडणीसोबत बिल्डच्या वेळच्या वॉर्निंग जोडल्या होत्या. 32 बिट बिल्डही होत असेल तर तिथे पॉइंटर 4 बाइटचा असल्याने हे आकडे वेगळे येतील. असर्ट पॉइंटरच्या आकारानुसार अटीत घाला, नाहीतर दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर काम करणारा पहिलाच माणूस तो काढून टाकेल.